वाणी किड्यांचे वैरी

मल्लव्वाच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. लग्नाला पाहुणी म्हणून गेली तरी घटकाभरात ती कुणाच्या तरी सुपापुढं फतकल मारून तांदळातले खडे वेचायला लागायची आणि घरच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा सोलापूरला जाताना एसटीत शेजारच्या अनोळखी बाईच्या लुगड्याला लागलेली कुसळं तिनं न विचारता काढायला घेतली, आणि स्टँड येईपर्यंत दोघींचं भांडण चाललं. नवरा होता तोवर तो चारचौघांत म्हणायचा, "ही मेल्यावर हिला पुरायची तर माती आदी चाळून घ्या, न्हायतर आत बसून खडे येचत राहील." नवरा गेला त्याला अकरा वर्षं झाली. दोन्ही लेकी विजापूरकडं दिल्या. मागं उरलं एका खोलीचं माळवदाचं घर, ती स्वतः आणि हे हात.

हातांनीच तिला मुकादमीण केलं होतं. मंद्रूपच्या अलीकडच्या त्या गावात आणि आजूबाजूच्या शिवारांत कापसावर तांबडे ढेकूण पडले की पहिला निरोप मल्लव्वाच्या घरी यायचा. हे ढेकूण माणसाला काही करत नाहीत, पण बोंडात सोंड खुपसून सरकीचा रस पितात आणि कापूस डागाळून टाकतात. थंडीत दिवस उगवायच्या सुमाराला ते गारठून एकमेकांना बिलगून बसलेले असतात. त्या वेळी मल्लव्वाच्या बारा बायका रानात शिरायच्या. डाव्या हातात डालड्याचा डबा, तळाला चार बोटं पाणी, त्यावर रॉकेलचा तवंग. उजव्या हातानं बोंड डब्यावर वाकवायचं आणि टिचकी मारायची. नव्या बाईला मल्लव्वा पहिल्याच दिवशी बजावायची, "ढेकणाकडं बघत बसायचं न्हाय. तांबडं दिसलं की हात गेला पायजे. बघत बसणारीचा डबा कदी भरत न्हाय." या एका शिकवणीवर तिनं वीस वर्षं काढली, आणि तिचा तिला अभिमानही होता. कशाला नसेल?

चौऱ्याहत्तर साली दुष्काळ मागं पडला, पाऊस वेळेवर झाला, आणि त्याच्या मागोमाग वाणी आले. वाणी म्हणजे तो काळपट तांबूस, असंख्य पायांचा लांबोडा किडा. हात लागला की गोल गुंडाळून पडतो, म्हणून पोरं त्याला पैसा म्हणतात. एरवी तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात दिसतो आणि बाया त्याला केरसुणीनं बाहेर लोटतात. त्या वर्षी मात्र रानं भरून वाणी निघाले. भुईमूग पेरला की दाणा जमिनीत मोड धरायचा, आणि तो कोवळा मोडच हे किडे कुरतडून टाकायचे, वर आलेल्या रोपाचं कोवळं खोडही सोडायचे नाहीत. कोंबड्या एखाद्याला चोच मारायच्या आणि लगेच मातीत चोच पुसायच्या, कारण हा किडा अंगातून घाण वासाचं पाणी सोडतो. कावळे उचलून पुन्हा टाकायचे. विहिरीजवळचा जाडा बेडूक चार-दोन गिळायचा, पण एवढ्या फौजेपुढं तो बिचारा काय करणार? ह्याला खाणारा देवानं केलाच नाही, असं गावानं ठरवून टाकलं.

अण्णारावांचा चार एकर भुईमूग असाच विरळ उगवला. अण्णाराव म्हणजे कपाळाला भस्म, कमी बोलणारा आणि बोललेलं न मोडणारा शेतकरी. मल्लव्वाच्या बायकांना खुरपणीपासून शेंगा काढणीपर्यंत सगळं काम त्यांच्याकडंच मिळायचं. सगळं रान असं उघडं पडलेलं, पण उत्तरेच्या बांधालगतच्या आठ-दहा ओळी मात्र दाट उभ्या होत्या. "तिकडं वल धरली असंल," अण्णाराव म्हणाले आणि नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला त्यांनी मल्लव्वाची टोळी लावली.

नांगे भरता भरता मल्लव्वा त्या बांधापाशी पोचली. दुष्काळात सरकारी कामावर याच बायकांनी दगडावर दगड रचून तो बांध घातलेला. सवयीनं तिनं एक दगड उलटा केला आणि खाली तिला लालभडक घोळका दिसला. पंधरा-वीस जीव, एकमेकांना चिकटून. तिचा हात गेला. वीस वर्षांत तो कधी थांबला नव्हता, आताही थांबला नाही.

"मालक, ढेकूण आलंय," तिनं अण्णारावांना सांगितलं. "कापूस न्हाय तर शेंगांवर बसलंय. मोड खायाला हेच जोडीला असणार."

अण्णारावांनी मान हलवली. मल्लव्वाच्या नजरेवर शंका घेणारा माणूस त्या शिवारात नव्हता. तीन सकाळी बारा बायका बांधावर दगड उलटे करत होत्या. डब्यातलं रॉकेलचं पाणी लाल झालं. दुसऱ्या दिवशी निंगव्वा, टोळीतली सगळ्यात गरीब स्वभावाची बाई, एकदम कळवळून उठली. तिचं बोट टरारून सुजलं होतं. ती कानडी मुलखातून आलेली, दुखलं-खुपलं की तिची मराठी पळून जायची. "चावलं, अक्का," ती म्हणाली, "मुळ्ळु अल्ल." काटा नाही म्हणून.

"काटाच हाय," मल्लव्वा म्हणाली. "ढेकूण कदी चावतो व्हय? काम नको आसंल तर सरळ सांग की."

बाकीच्या हसल्या. निंगव्वा डाव्या हातानं वेचू लागली.

काम चोख झालं. मल्लव्वाचं नाव शेजारच्या रानांत गेलं आणि आणखी तिघांनी आपापले बांध तिच्याकडून वेचून घेतले. आषाढात एरवी टोळीला एवढं काम नसतं. नागपंचमीला बांगड्या भरायच्या म्हणून बायका खुशीत होत्या.

आठ-दहा दिवसांनी अण्णाराव सहज बोलता बोलता म्हणाले, "उत्तरंच्या ओळी बी गेल्या गं. तेवढ्याच उभ्या हुत्या." आणि ते पाणी पाजायला निघून गेले. मल्लव्वा तिथंच उभी राहिली. तिच्या हातात खुरपं होतं, ते ती उगीच या हातातून त्या हातात घेत राहिली.

तेव्हापासून तिला चैन पडेना. भाकरी थापायला बसली की उठायची, पाणी आणायला निघाली की वाटेत घागर ठेवून परत यायची. त्या ओळी ओलीमुळं तगल्या होत्या, तर ओल काही कमी झाली नव्हती. मग आताच का गेल्या? बांधावर काय बदललं? तिनं काय बदललं? शेवटचा प्रश्न मनात आला की ती तो झटकून टाकायची आणि कुणाच्या तरी अंगणात जाऊन शेंगा फोडत बसायची. शेंगा संपायच्या, प्रश्न तसाच असायचा.

एका पहाटे ती एकटीच अण्णारावांच्या बांधावर गेली. दगड उलटे केले. लाल काही दिसलं नाही. दगडागणिक वाणी मात्र वेटोळ्यांवर वेटोळी घालून पडलेले. आणि मातीत, दगडांच्या सांदीत, पांढुरक्या पोकळ कड्यांचा खच होता. वाण्याचं अंग अशा कड्याकड्यांचंच असतं. ती कडी तिनं वेचतानाही पाहिली होती, पण बघत बसायचं नाही हा तिचाच नेम. आता तिनं एक कडं तळहातावर घेतलं. आतून कुणीतरी चाटूनपुसून साफ केलेलं होतं. ह्याला खाणारा कुणीतरी होता तर.

तिथून ती जी सुटली ती बांधाबांधानं फिरत राहिली. आपण वेचलेले चारही बांध तिनं पालथे घातले. कुठंच लाल नाही. उन्हं वर आली तेव्हा ती ओढ्याकाठी चनबसप्पांच्या रानात पोचली. चनबसप्पा हे अण्णारावांच्या शेजारचे शेतकरी, तोंडानं फटकळ आणि कामाला कडक. त्यांच्या ओढ्याकडच्या बांधावर मोठं वारूळ आहे. पंचमीला गावच्या बाया तिथं दूध घालायला येतात, म्हणून तिथले दगड आजवर कुणी हलवले नव्हते. मल्लव्वानंही तेवढा बांध सोडला होता.

तिनं पायातल्या चपला काढल्या, वारुळाला हात जोडले आणि पलीकडचा एक दगड हळूच कलता केला. घोळका होता. या वेळी तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि ती बघत बसली.

घोळक्याच्या मधोमध एक वाणी होता, करंगळीएवढा जाड. तो गुंडाळायची धडपड करत होता, पण त्याला गुंडाळता येत नव्हतं. सहा-सात लाल पिल्लं त्याच्याभोवती ताटाभोवती पोरं बसावीत तशी बसली होती आणि प्रत्येकानं आपली सोंड दोन कड्यांमधल्या मऊ सांध्यात रोवली होती. त्यांच्यात एक मोठा होता. त्याची पाठ जांभळट काळी. कापसातल्या ढेकणाच्या पोटाला पांढऱ्या रेघा असतात, डोळे मिटूनही तिनं त्या सांगितल्या असत्या. यांच्या पोटाला एकही रेघ नव्हती. हळूहळू वाण्याचे पाय थांबले. पिल्लं तशीच पीत राहिली. ढेकूण नव्हतेच हे. चार रानांतले वाण्यांचे वैरी तिनं स्वतःच्या हातानं रॉकेलात बुडवले होते, आणि वरून लोकांची शाबासकी घेतली होती.

तिथून ती थेट अण्णारावांकडं गेली. ते गोठ्यात होते. तिनं सगळं सांगितलं, मधे तीनदा अडखळली. अण्णारावांनी ऐकून घेतलं आणि ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"पंचमी झाली की मी परत पेरणार हाय," ते म्हणाले. "बी एक पोतं उरलंय. ते गेलं तर रान ज्वारीपतूर मोकळं. तुमाला बी खुरपण न्हाय, काढणी न्हाय. माज्या दगडांत ते परत आणून सोडता येतील का?"

"चनबसप्पा मालकाच्या वारुळाकडं हायत. आता तेवढेच राहिलेत. थोडे आणले तर जगतील, वाडतील."

"मग आण. आनी हे बायांजवळ बोलू नको. तुजं नाव हाय शिवारात. ते कशाला घालवतीस?"

हे त्यांनी मनापासून, तिच्या भल्यासाठी सांगितलं. तिलाही ते पटलं. पटलं म्हणूनच पुढचा घोळ झाला.

वाटेत तिला कळलं की चनबसप्पांनी बजाबाईला निरोप धाडलाय. पंचमीला घरच्या बाया अनवाणी वारुळाला येणार, तेव्हा उद्या सकाळी तो बांध ढेकणांपासून साफ करून द्या. बजाबाई टोळीतली दुसऱ्या नंबरची, मल्लव्वाहून दहा वर्षांनी लहान, हाताला तशीच चपळ. मल्लव्वानंच तयार केलेली. निरोप मल्लव्वाला न येता बजाबाईला गेला, याचं तिला क्षणभर वाईट वाटलं, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

दिवेलागणीला ती बजाबाईच्या दारात गेली. बजाबाई चुलीपुढं होती.

"काय गं अक्का, ये की."

मल्लव्वा दारातच उभी राहिली. चुकले मी, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. "जरा इरजण हाय का?" ती म्हणाली.

बजाबाईनं वाटीत विरजण दिलं. मल्लव्वाच्या घरी दूध नव्हतंच. ती वाटी घेऊन घरी आली आणि तिनं ते विरजण तसंच पिऊन टाकलं. सकाळी लवकर जाऊ, बायका यायच्या आत चार-दोन घोळके पदरात बांधून आणू, म्हणजे बोलायचं कामच उरणार नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. ठरवल्यावर तरी मन थाऱ्यावर यावं, ते आलं नाही.

सकाळी ती ओढ्यावर पोचली तेव्हा अर्धा बांध झाला होता. बजाबाईनं टोळी नेहमीपेक्षा लवकर आणली होती. अकरा जणी ओळीनं, एकीनं दगड उलटायचा, दुसरीनं टिपायचं, कुणी वर बघत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. इतकं सफाईचं काम मल्लव्वानंही कधी करून घेतलं नसेल. डब्यात लाल तवंग आला होता. चनबसप्पा काठी टेकून बांधाच्या टोकाला उभे होते.

"थांबा गं," मल्लव्वा म्हणाली. "येचू नका."

हात थांबले नाहीत. बजाबाईनं वर न बघता विचारलं, "का?"

"हे ढेकूण न्हाईत. हे वाणी खात्यात. म्या डोळ्यांनी बघितलंय."

"तांबडं दिसलं की हात गेला पायजे, हे कुणी शिकवलं आमाला?"

"मी शिकवलं. चुकीचं शिकवलं. अण्णाराव मालकाच्या उत्तरंच्या ओळी माज्यामुळं गेल्या."

आता हात थांबले. बजाबाई उभी राहिली आणि तिनं मल्लव्वाकडं नीट बघितलं. "काल निरोप तुला न्हाय, मला आला, म्हणून व्हय गं अक्का हे? तसं असंल तर तसं सांग. माज्या दारात इरजण मागायला आलीस, तवा का न्हाय बोललीस?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. चनबसप्पा लांबूनच म्हणाले, "मल्लव्वा, तुज्या भांडणात माजी सकाळ घालवू नको. बजाबाई, चला, उरका."

बजाबाई पुन्हा खाली बसली. तिनं पुढचा दगड धरला. त्याखाली मोठा घोळका होता, जांभळ्या पाठीचे पाच-सहा मोठे त्यात. मल्लव्वा तिच्या शेजारी बसली, आणि बजाबाईचा हात पोचायच्या आत तिनं आपला उजवा हात त्या घोळक्यात घातला आणि मूठ मिटली.

पहिली सोंड अंगठ्याच्या मुळाशी रुतली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं मूठ सोडली नाही. दुसरी, तिसरी. कपाळाला घाम फुटला. तिनं मूठ बजाबाईपुढं उघडली, लाल जीव अलगद मातीत सोडले, आणि हात तसाच धरून ठेवला. बघता बघता बोटं फुगत गेली.

"ढेकूण चावतो का, बजा?"

बजाबाईनं जन्मात हजारो ढेकूण टिपले होते. त्यातला एकही चावला नव्हता. ती त्या हाताकडं बघत राहिली.

निंगव्वानं आपला डबा खाली ठेवला. "मुळ्ळु अल्ल अंत हेळिद्दे," ती हळूच म्हणाली. काटा नाही, हे तिनं तेव्हाच सांगितलं होतं.

"व्हय," मल्लव्वा म्हणाली. "काटा नव्हता. म्या सगळ्यांदेखत तुला खोटं पाडलं. माजं चुकलं, निंगव्वा."

मग कुणी दगड उलटला नाही. बजाबाईनं न सांगता धरलेला दगड होता तसा खाली बसवला. अर्धा बांध वाचला; अण्णारावांच्या दगडांत नेऊन सोडायला तेवढे लाल पुरे होते. चनबसप्पांना वाण्यांचं आणि लालांचं काही समजलं नाही, समजून घ्यायलाही त्यांना वेळ नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की काम थांबलंय. "करायचं नसंल तर घरी जावा," ते म्हणाले. "आजची हजेरी न्हाय." आणि काठी उचलून ते चालू लागले.

बायकांनी पदर झटकले. त्यांचा राग तिला दिसत होता आणि तो खरा होता. पंचमी दोन दिवसांवर होती, बांधांचं काम आता सगळीकडंच बंद होणार, आणि ज्या कामाची शाबासकी त्या पंधरा दिवस मिरवत होत्या ते काम नव्हतंच, नासधूस होती, हे त्यांना तिनंच तोंडावर सांगितलं होतं.

मुकादमीण पुढं चालते आणि टोळी मागं, असा रिवाज आहे. रानात जाताना तसाच, परतताना तसाच. मल्लव्वा उठेपर्यंत बायका वाटेला लागल्या होत्या. पुढं बजाबाई, तिच्या मागं बाकीच्या. त्या थांबल्या नाहीत आणि मल्लव्वानंही हाक मारली नाही. सुजलेला हात उराशी धरून ती मागून निघाली. अंतर वाढायला लागलं तशी ती भराभर पाय उचलू लागली, कारण मागं राहायची सवय तिच्या पायांना नव्हती, आणि पुढं जायचं धाडस आता होत नव्हतं.

ओढा ओलांडल्यावर बजाबाई मागं न बघता मोठ्यानं म्हणाली, "पंचमी झाली की अण्णाराव मालकांची पेरणी हाय. मी बारा बाया सांगणार हाय. येणार हायस का, मल्लव्वा?"

वीस वर्षांत बजाबाईनं तिला नावानं हाक मारली नव्हती. अक्का म्हणायची.

मल्लव्वा पाय उचलून ओळीच्या शेवटी आली.

"येते की," ती म्हणाली.